ऐंशीला इंजिन किंचाळतं: जुन्या पिकअपचा हायवेवरचा आरपीएम कसा उतरवायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "चौथ्यात टाकली तरी वाटतं, अजून एक गिअर हवा होता." गाडी जुनी, चार गिअरची, अडीच-तीन लिटरचं डिझेल. वाशी मार्केटच्या गर्दीत किंवा भिवंडीच्या गोदामांत तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. पण मनोर ओलांडून अहमदाबाद हायवेला लागली, किंवा आमण्याहून समृद्धीवर चढली, की ७५-८० ला केबिनमधलं बोलणं ऐकू येत नाही, इतका आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, चढलेला असतो.

यावरचा ठरलेला इलाज म्हणजे मोठे टायर. दोन महिने बरं वाटतं. मग भरलेली गाडी चढावर चौथा धरत नाही, उभ्या चढावर गाडी उठवताना क्लचचा वास येतो, पुढे क्लच प्लेट जाते आणि जुने टायर परत चढतात. काही जण तेवढ्यावर न थांबता पाच गिअरचा बॉक्स आणतात आणि तोही वर्षभरात विकतात. हा फेरा चुकवायचा असेल तर पाना हातात घेण्याआधी टेप, खडू आणि कॅल्क्युलेटर घ्यावा लागतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आधी खरा वेग, खरा घेर, खरा रेशो

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर कुणाचाच नसतो. केबल झिजलेली, त्याचा प्लास्टिक पिनियन कुठल्या तरी दुसऱ्या मॉडेलचा, काटा थरथरतोय. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा, सपाट रस्त्यावर एक मिनिट स्थिर धरून. चालवताना नाही, शेजारी बसलेल्याने बघायचा.

चाकाचा घेर टायरवर छापलेल्या आकड्यावरून काढू नका. २१५/७५ आर १५ चा कागदावरचा व्यास ७०३.५ मिमी येतो, म्हणजे घेर २.२१ मीटर. वजनाखाली तोच टायर दबतो आणि प्रत्यक्षात २.१३ च्या आसपास चालतो. नेहमीचा माल भरून, नेहमीची हवा ठेवून, मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ रेषेत चाकाचे तीन फेरे पुढे ढकला, अंतर मोजा, तीनने भागा.

आता मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) किती वेळा फिरतो. हौजिंगवर पत्रा असला तरी त्यावर भरवसा ठेवू नका. वीस वर्षांच्या गाडीत क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) कधी ना कधी बदललेलं असतंच. गाडी रिकामी करून सपाट फरशीवर घ्या, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं एकच चाक जॅकने उचलून ॲक्सलखाली लोखंडी घोडी द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवलं की शाफ्टचे जेवढे फेरे होतात तोच रेशो. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे डिफरन्शियल या चाकाला दुप्पट फिरवतं, म्हणून दोन फेरे. डोळ्यांचा अंदाज चुकू नये म्हणून चाक वीस फेरे फिरवा: शाफ्ट पावणेएकोणपन्नास वेळा फिरला तर रेशो ४.८७५, म्हणजे ३९ दातांचा क्राउन आणि ८ दातांचा पिनियन.

हिशोब

आरपीएम = (किमी वेग × १६.६७ ÷ घेर मीटरमध्ये) × ॲक्सलचा रेशो × गिअरचा रेशो.

चार गिअरच्या बहुतेक जुन्या बॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे १. तर ८० किमी, २.१३ मीटर, ४.८७५ आणि १ यांचं उत्तर येतं सुमारे ३०५०. जुनी डीआय (थेट इंधन फवारणीची) इंजिनं ३००० ते ३२०० च्या दरम्यान पूर्ण ताकद देऊन गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा कमाल वेग अडवणाऱ्या यंत्रणेला, टेकतात, हे लक्षात घेतलं तर केबिनमध्ये बोलणं का ऐकू येत नाही हे कळतं. गाडीत बिघाड असेलच असं नाही. ही गाडी पन्नास-साठच्या वेगाने टनभर माल ओढायला बनवली होती, आणि आपण तिला समृद्धीवर तासभर ऐंशीने पळवतो आहोत.

पण "असेलच असं नाही" हे तपासून घ्यायचं असतं. त्यासाठी प्रत्यक्ष आरपीएम हवा. डॅशबोर्डवर टॅकोमीटर नसेल आणि अल्टरनेटरला डब्ल्यू टर्मिनल (फेऱ्यांचा सिग्नल देणारं टोक) असेल तर त्यावर चालणारा साधा टॅको लावता येतो; पुलीच्या मापाप्रमाणे तो एकदा जुळवावा लागतो. फुकटचा मार्ग म्हणजे मोबाइलवरचं आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके होतात, त्यामुळे आरपीएमला ३० ने भागलं की हर्ट्झ मिळतात. ३०५० ला साधारण १०२ हर्ट्झवर उंच टोक दिसायला हवं. ५१ वर दुसरं टोक दिसलं तर ते शाफ्टच्या फेऱ्याचं आहे, त्याला फसू नका. खिडक्या बंद, फोन गिअर लिव्हरजवळ.

प्रत्यक्ष आकडा हिशोबापेक्षा जास्त आला तर

इंजिनापासून चाकापर्यंत मधे सगळे दातेच आहेत. घसरू शकतो तो फक्त क्लच. घेर नीट मोजलेला असेल आणि तरी प्रत्यक्ष आरपीएम हिशोबापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त येत असेल, तर रेशोचा विचार बाजूला ठेवून क्लच उघडा. खात्रीसाठी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० ला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग मागे राहिला, तर उत्तर मिळालं.

इथेच बहुतेकांचं काम परत परत येतं, कारण फक्त प्लेट बदलली जाते. प्लेटवर तेल कुठून आलं हे कुणी बघत नाही. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून आलं असेल तर नवी प्लेटही काही महिन्यांत तशीच होते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल तरीही तेच. प्रेशर प्लेटची बोटं घासून पातळ झालेली, फ्लायव्हीलवर निळसर काचेसारखी चमक आलेली, हे सगळं बॉक्स खाली असतानाच निस्तरायचं. आणि पेडलला मोकळी चाल ठेवायची, बहुतेक गाड्यांत साधारण २० ते २५ मिमी. ती शून्य असली की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि फक्त वरच्या गिअरमध्ये, भरल्या गाडीत घसरतो. शहरात कळतही नाही.

झिजलेल्या टायरचाही वाटा असतो. नक्षी ८ मिमी उतरली की घेर सुमारे पाच सेंटीमीटर कमी होतो आणि ऐंशीला सत्तर-पंचाहत्तर फेरे वाढतात. तो बिघाड म्हणता येत नाही, पण नव्या-जुन्या टायरची तुलना करताना हा फरक "मोठ्या टायरच्या" खात्यात जमा होतो, आणि मग मोठ्या टायरचा फायदा दिसतो त्याच्या साधारण दोन तृतीयांशच असतो.

आकडा जुळला आणि तरी आवाज असह्य असेल, तर रेडिएटरचा पंखाही बघा. व्हिस्कस कपलिंग (गरज नसताना पंख्याला मोकळं सोडणारा जोड) जाम झालं की पंखा सतत इंजिनाच्या वेगाने फिरतो आणि विमानासारखा घोंगावतो. इंजिन बंद करून हाताने फिरवा: थोडा जडपणा जाणवायला हवा, पण पूर्ण अडकलेला नको. फाटलेलं इंजिन माउंटिंग आणि मॅनिफोल्डचं गळणारं गॅस्केट हे आणखी दोन. या तिघांपैकी एखादा सापडला तर रेशोला हात न लावताच निम्मी तक्रार मिटते.

आकडा जुळला, आता काय बदलायचं

वरच्याच गाडीवर, ८० किमीला, पर्याय असे पडतात. २३५/७५ आर १५ टायर: सुमारे २९२५. ४१:९ चं क्राउन-पिनियन, म्हणजे ४.५६: २८५०. ४१:१०, म्हणजे ४.१: २५६५. पाचवा गिअर ०.८२ असलेला ओव्हरड्राइव्ह बॉक्स, म्हणजे ज्यात बाहेर पडणारा शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो: २५००. ४१:१० आणि ओव्हरड्राइव्ह बॉक्स दोन्ही: २१००. आणि काहीही न बदलता ८० ऐवजी ६५ ने चालवली तर: २४८०.

शेवटचा आकडा परत वाचा. पाच गिअरच्या बॉक्सइतकाच आरपीएम फुकटात उतरतो, वर हवेचा विरोध एक तृतीयांशाने कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. १७० किमीच्या फेरीत, पूर्ण रस्ता मोकळा मिळाला असं धरलं तरी, याने अर्धा तास जास्त लागतो. आणि ऐरोली-ठाणे पट्ट्यातली कोंडी धरली तर तेवढाही नाही. हा पर्याय कुणाला आवडत नाही, पण महिन्यातून चारच लांब फेऱ्या असतील तर दुसरा कुठलाही खर्च वसूल होणार नाही.

टायरचं सांगायचं तर शंभर-सव्वाशे आरपीएमसाठी फार काही पणाला लागतं. २३५ रुंदीला किमान ६ इंची रिम हवी. जुन्या पिकअपला ५.५ ची असेल तर टायर मधे फुगतो आणि मधोमध झिजतो. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर पुढच्या पाट्यांना घासतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याच मापाचा, पण प्रवासी गाडीचा टायर मालाच्या गाडीला चढवणं. माप तेच, भार पेलायची ताकद कमी. काँक्रीटच्या रस्त्यावर मे महिन्यात तासभर ऐंशीने भरलेली गाडी पळवली की तो कधी फुटेल याचा नेम नाही. लोड इंडेक्स आणि प्लाय रेटिंग मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही, आणि माप कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्यांपैकीच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं.

उरतात बॉक्स आणि क्राउन. अमेरिकेत जुन्या पिकअपला प्रोपेलर शाफ्टच्या मधे बसणारा वेगळा ओव्हरड्राइव्ह लावतात. गिअर व्हेंडर्सच्या युनिटचा रेशो ०.७८ आहे. आपल्याकडे तो आणून बसवण्यापेक्षा त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा बॉक्स शोधणं शहाणपणाचं.

इंजिन ओढेल का?

हा प्रश्न आधी, मग जुना बॉक्स शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा कळंबोली. ढोबळ हिशोब: माल धरून २८०० किलोची, ताडपत्री बांधलेली पिकअप सपाटीवर ८० ने न्यायला चाकांवर २५ अश्वशक्तीच्या आसपास लागते. साठ-बासष्ट अश्वशक्तीचं इंजिन २५०० ला पन्नासच्या जवळपास देतं, म्हणजे सपाटीवर चैन आहे. दोन टक्के चढ आला, म्हणजे शंभर मीटरला दोन मीटर, की चाकांवर ४२ लागतात आणि वाटेतलं नुकसान धरून इंजिनाकडून ४५-४६. आता पेडल तळाला टेकलंय. पाच टक्के चढाला ६६ लागतात. इथे कुठलाही रेशो असो, गिअर उतरवावाच लागतो.

म्हणून मार्ग बघून ठरवा. मनोर, चारोटी, वापी, सुरत अशी फेरी असेल तर ओव्हरड्राइव्ह दिवसभर वापरात राहतो आणि काम करून घेण्यासारखं आहे. नाशिक किंवा जुन्नरकडून भाजी आणणाऱ्या गाडीचं गणित वेगळं: वर जाताना रिकामी, खाली येताना भरलेली. रिकाम्या चढाला ओव्हरड्राइव्ह काही अंशी चालतो. भरल्या उताराला मात्र क्राउन बदललेला असेल तर इंजिन-ब्रेक प्रत्येक गिअरमध्ये १६ टक्क्यांनी कमी मिळतो, तेवढा भार ब्रेकच्या ड्रमवर जातो. कसाऱ्यात किंवा माळशेजला हे परवडत नाही. मुंबईहून किराणा, फरशी, सिमेंट भरून वर नेणाऱ्याने क्राउनला हातच लावू नये. समृद्धीने कसाऱ्याच्या वळणांना बगल दिली तरी इगतपुरीपर्यंतची उंची गाठावीच लागते.

बॉक्स आणि क्राउन यांतला फरक इथेच आहे. बॉक्स बदलला तर चौथा सरळ राहतो आणि पाचवा जास्तीचा मिळतो; नको तेव्हा वापरू नका. क्राउन बदलला तर पहिल्यासकट सगळे गिअर जड होतात. भरली गाडी रॅम्पवर उठवताना १६ टक्के ओढ कमी, आणि तिथेच क्लच जळतो. घाटातून जाणाऱ्या गाडीला निवड करायची झाली तर बॉक्सच.

बॉक्स घेताना

पाच गिअर आहेत म्हणजे ओव्हरड्राइव्ह आहे असं मुळीच नाही. मालवाहू गाड्यांच्या कितीतरी बॉक्समध्ये पाचवा सरळ असतो आणि चौथा त्याहून खालचा. दुकानातच पाचवा टाकून इनपुट शाफ्ट दहा फेरे फिरवा. आउटपुट बारापेक्षा थोडा जास्त फिरला तर तो ०.८२ च्या आसपास. दहाच फिरला तर पैसे खिशात ठेवा. पहिल्या गिअरचंही तसंच मोजा. एसयूव्हीतून निघालेल्या बॉक्सचा पहिला तुमच्यापेक्षा जड असेल तर क्राउनचाच त्रास मागच्या दाराने येईल.

तेल बोटावर घेऊन उन्हात बघा: सोनेरी चकाकी म्हणजे सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा) झिजल्यात, लोखंडी कण म्हणजे त्याहून वाईट. बेल हाउसिंग, क्लच फोर्क, क्रॉस मेंबर, स्पीडोचा पिनियन, रिव्हर्स लाइटचा स्विच हे सगळं त्याच गाडीचं एकत्र घ्या. इनपुट शाफ्टच्या खाचा तुमच्या क्लच प्लेटमध्ये बसतात का आणि टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरतं का हे आधीच मोजायचं. बॉक्स लांब असेल तर प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. फक्त वेल्डिंग करून बसवला की साठच्या पुढे फरशी थरथरते आणि सेंटर बेअरिंग जातं. मग लोक बॉक्सला शिव्या घालतात.

तेल मॅन्युअलमध्ये असेल तेच. पितळी सिंक्रोच्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलं असेल तर हाताशी आहे म्हणून डिफरन्शियलचं जीएल-५ ओतू नका.

क्राउन-पिनियन बदलायचंच असेल तर

जोडी एकत्र घासून बनवलेली असते. दोन्हींवर कोरलेला नंबर जुळला पाहिजे. एका दुकानातला क्राउन आणि दुसऱ्यातला पिनियन कधीच नाही. काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे केज, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भागही वेगळा लागतो, ते आधी विचारा. चार चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढच्या ॲक्सलचाही रेशो तोच करावा लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस ताणला जातो.

खोलताना बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण पंचने करा. पिनियनची खोली शिमने, बेअरिंगचा प्रीलोड (आवळून दिलेला ताण) मॅन्युअलप्रमाणे, नवं नट. बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजायचा. या आकाराच्या ॲक्सलला बहुधा ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो, नक्की आकडा मॅन्युअलचा. "हाताला बरोबर लागतोय" हे माप नव्हे. मार्किंग ब्लू लावून दातांवरचा ठसा बघा: तो मधोमध हवा. दाताच्या मुळाशी खोल गेला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी राहिला तर बाहेर. हे न बघता जोडलेला क्राउन पन्नास-साठला रडायला लागतो आणि ते रडणं पुढे कुठल्याही तेलाने जात नाही. तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९०, फिलर होलच्या कडेपर्यंत.

पहिले शंभरेक किमी रिकामी गाडी, वीस-पंचवीस किमी झाले की थांबून हौजिंग थंड होऊ द्या. पाचशे किमीला तेल बदला.

स्पीडोमीटर आणि वेगमर्यादा यंत्र

हे सगळ्यात शेवटी आठवतं आणि पासिंगला अडकतं. जुन्या गाड्यांत स्पीडो गिअरबॉक्सच्या आउटपुटवरून फिरतो. ४.८८ चा ४.१ केला की शाफ्ट हळू फिरतो आणि खऱ्या ८० ला काटा ६७ दाखवतो. मोठ्या टायरने ७७. वेगमर्यादा यंत्राचा सेन्सर तिथूनच सिग्नल घेत असेल तर ८० चा कट प्रत्यक्षात ९५ ला लागेल. एक्सप्रेसवेवरही मालवाहू गाडीची मर्यादा ८० च आहे, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेससाठी दरवर्षी उभं राहावं लागतं. स्पीडोचा पिनियन नव्या रेशोचा घाला, यंत्र अधिकृत केंद्रातून पुन्हा जुळवून सील करून घ्या, आणि जीपीएसशी ताडून बघा. पाच गिअरच्या बॉक्सने हा प्रश्न येत नाही, फक्त त्याचा स्पीडो पिनियन तुमच्या ॲक्सल आणि टायरशी जुळायला हवा.

नंतर चालवताना

पाचवा ७० च्या खाली टाकू नका. याच गाडीत ६० ला पाचव्यात १८७५ आरपीएम येतो. त्यावर पेडल दाबून ओढायला लावलं की काळा धूर, वाढलेली उष्णता आणि बेअरिंगवर ठोके. भरल्या गाडीत पेडल तीन चतुर्थांशाच्या पुढे जाऊनही वेग पडत असेल तर लगेच चौथा. घाट उतरताना पाचवा अजिबात नाही.

डिझेल किती वाचलं हे टाकी काठोकाठ भरून, त्याच मार्गावर, तेवढ्याच वजनाने, आधी तीन आणि नंतर तीन फेऱ्या करूनच कळतं. महिन्याला ३००० किमी चालणारी गाडी १२ वरून १३ ची सरासरी देऊ लागली तर सुमारे १९ लिटर वाचतात. बॉक्स, शाफ्टचं बॅलन्सिंग, क्लच आणि मजुरी मिळून जे बिल येईल त्याला या १९ लिटरच्या किमतीने भागा. जितके महिने येतील तितके महिने गाडी आणखी चालवणार असाल तरच काम सुरू करायला सांगा.